अरबी कथा व त्यांची मराठी रूपे

अल्फ लैला व लैला (एक हजार एक रात्री) हा अरबी कथासंग्रह मराठी वाचकांना अरेबियन नाइट्स ह्या इंग्रजी नावाने किंवा अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी ह्या एकोणिसाव्या शतकातील भाषांतराच्या नावाने परिचित आहे. एका लेखकाने एका काळी रचलेला असा हा ग्रंथ नव्हे. भारतीय, इराणी, बगदादी व ईजिप्शियन कथांचे थर त्यात सु. हजार वर्षांच्या अवधीत साचत गेले. त्यामुळे ‘मूळ’ आणि ‘रूपांतर’ हा नेहमीचा भेद येथे फार जपून वापरावा लागतो. मराठीत ह्या कथा ज्या रूपांत आल्या, त्या रूपांमागे इतर अनेक रूपे उभी आहेत. त्यांतील काहींची मुळे तर महाराष्ट्राच्याच भूमीशी व भाषेशी निगडित आहेत.

संग्रहाचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणजे नवव्या शतकातील एक कागदी तुकडा होय. नाबिया ॲबट ह्या विदुषीने १९४९ मध्ये तो प्रसिद्ध केला. कोऱ्या जागी नंतर केलेल्या कायदेविषयक टिपणांवर हिजरी २६६ (इ. स. ८७९) हे वर्ष असल्याने मूळ मजकूर त्याहून जुना ठरतो. दहाव्या शतकात मसूदी व इब्न अल्-नदीम ह्या ग्रंथकारांनी हजार अफसाना ह्या फार्सी संग्रहाचा निर्देश केला आणि अरबी संग्रह त्यावरून आल्याचे नोंदविले. इब्न अल्-नदीमला तो पोथा नीरस व हीन अभिरुचीचा वाटला होता, हेही नमूद करण्याजोगे आहे. अरबी पंडितवर्गाने ह्या कथांना प्रतिष्ठित वाङ्मयाचा दर्जा दीर्घकाळ दिला नाही. तो त्यांना प्रथम युरोपात मिळाला.

चौकटीची कथा : पत्नीच्या व्यभिचाराने पिसाळलेला राजा शहरियार दररोज एका कुमारिकेशी विवाह करून दुसऱ्या दिवशी तिचा वध करवितो. वजिराची कन्या शहराजाद स्वतः होऊन त्याची पत्नी होते आणि धाकटी बहीण दुन्याजाद हिच्या साहाय्याने रात्रीमागून रात्र कथा सांगत मृत्यू पुढे ढकलते. ह्या चौकटीचे घटक भारतीय कथावाङ्मयात विखुरलेले आढळतात. दोघे भाऊ राजे एका राक्षसाने पेटीत कोंडून ठेवलेल्या स्त्रीला भेटतात आणि ती त्यांच्याकडून अंगठ्या मागून घेते, हा प्रसंग सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) नाग व त्याची पत्नी ह्यांच्या कथेत येतो. पेटीतील स्त्रीची कथा जातकांतही (समुग्ग जातक) आहे. अंगठ्यांच्या संख्येवरून हस्तलिखितांचे नातेही उलगडते. जुन्या सिरियन हस्तलिखितात त्या स्त्रीजवळ अठ्ठ्याण्णव अंगठ्या आहेत आणि दोन्ही राजांच्या मिळून शंभर होतात. सोमदेवाकडेही मोजणी शंभराचीच आहे. पुढील ईजिप्शियन पाठांत मात्र ती ५७० झाली. संख्या फुगली, तिच्यातील नेमकेपणा गेला.

अधिक लक्षवेधक साम्य जैन कथेत सापडते. उत्तराध्ययन सूत्रावरील देवेंद्राच्या टीकेत चित्रकाराची कन्या कनकमंजरी हिची कथा आहे. राजाला अनेक राण्या असल्याने त्याने आपल्याकडेच यावे म्हणून ती दासीच्या प्रश्नाचे निमित्त करून रोज रात्री एक कोड्यासारखी कथा सांगते व तिचा उलगडा दुसऱ्या रात्रीवर ठेवते. असे सहा महिने चालते. दासीच्या जागी बहीण आणि सवतीमत्सराच्या जागी मृत्यू ठेवला, की शहराजाद उभी राहते. ह्या कथा जैन महाराष्ट्री प्राकृतात आहेत. हेर्मान याकोबी ह्या जर्मन पंडिताने त्या १८८६ मध्ये संपादून प्रसिद्ध केल्या. मराठीचा ज्या प्राकृताशी जवळचा संबंध मानतात, तिच्या कुळातील भाषेतच शहराजादच्या युक्तीचा एक पूर्वावतार लिहिलेला असावा आणि मराठी भाषांतरकारांनी तीच युक्ती इंग्रजीतून आणावी, हा वाङ्मयेतिहासातील एक चमत्कारिक योग म्हणावा लागेल.

गुणाढ्याच्या बृहत्कथेची परंपरा ह्याच संदर्भात आठवते. कथासरित्सागराच्या आरंभी येणाऱ्या आख्यायिकेनुसार गुणाढ्य प्रतिष्ठान (पैठण) येथील सातवाहन राजाचा मंत्री होता. पैशाची भाषेत रचलेल्या सात लक्ष श्लोकांच्या कथा राजाने तुच्छतेने नाकारल्या, तेव्हा गुणाढ्याने अरण्यात बसून पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत एकेक पान अग्नीत टाकले. राजाला पश्चात्ताप झाला तोपर्यंत एक लक्ष श्लोकच उरले होते. दोन्ही महासंग्रहांच्या मुखाशी एक राजा आणि एक निवेदक आहे. पैठणचा राजा ऐकत नाही, म्हणून सहा भाग कथा जळून जातात. शहरियार ऐकतो, म्हणून स्त्री वाचते. कथेच्या श्रवणात राजाच्या न्यायबुद्धीची परीक्षा असते, ही जाणीव दोन्हीकडे समान आहे. अरबी संग्रहाने तिला स्त्रीच्या जिवाची जोड दिली आणि ही त्याची स्वतंत्र कमाई होय.

जुनी सामग्री अरबी चौकटीत किती निराळे काम करते, ह्याचे उत्तम उदाहरण वजिराने मुलीला सांगितलेल्या बैल व गाढव ह्यांच्या कथेत मिळते. पशूंची भाषा जाणणारा व्यापारी पत्नीच्या हट्टापायी प्राणघातक रहस्य सांगावयास निघतो आणि कोंबड्याचे बोल ऐकून तिला छडीने वठणीवर आणतो. खरपुत्त जातकात सेनक राजाची कथा अगदी ह्याच वळणाची आहे; तेथे बोध सरळ आहे व कथा त्यावर संपते. अरबी संग्रहात वजीर ती कथा मुलीला परावृत्त करण्यासाठी सांगतो आणि मुलगी परावृत्त होत नाही. पुरुषाने सांगितलेली, स्त्रीला गप्प बसविणारी कथा पहिल्याच पावली निष्फळ ठरते आणि मग स्त्रीचे कथन सुरू होते. एकटी वाचली तर ही कथा स्त्रीद्वेष्टी आहे. चौकटीत वाचली तर ती स्त्रीद्वेषाचा पराभव दाखविते. बालवाचकांसाठी केलेल्या निवडक संग्रहांत चौकट गाळून कथा सुट्या देण्याची प्रथा पडली. तिने नेमका हाच अर्थ हरविला.

शुकसप्ततीची चौकट ह्याच्या उलट आहे. तेथे परगावी गेलेल्या पतीचा पोपट सत्तर रात्री कथा सांगून पत्नीला घरात रोखून धरतो. म्हणजे कथा येथे स्त्रीवर पहारा करते, शहराजादच्या हाती तीच कथा स्त्रीचे शस्त्र होते. शुकसप्ततीचे जुने मराठी गद्य रूपांतर रिचर्ड श्मिट ह्याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केले.

दख्खनमधील वाट : अरबी-फार्सी कथा दक्षिणेत इंग्रजांबरोबर आल्या, असा समज रूढ आहे, तो खरा नाही. गोवळकोंड्याच्या कुत्बशाही दरबारातील कवी गव्वासी ह्याने १६२५ च्या सुमारास सैफुल मुलूक व बदीउल जमाल हे दख्खनी काव्य रचले. अल्फ लैलामध्ये समाविष्ट असलेल्या ह्या प्रेमकथेचे फार्सी रूप त्याच्यासमोर होते. त्यानेच १६३९ मध्ये तूतीनामा दख्खनीत आणला. हा तूतीनामा म्हणजे नख्शबीने चौदाव्या शतकात फार्सीत नेलेली शुकसप्तती होय. भारतातून गेलेला पोपट इराणी पेहराव करून दख्खनमध्ये परतला, तोवर त्याच्या संस्कृत भावंडाचा मराठीशीही संबंध जुळला होता. दोघांनी एकमेकांना ओळखल्याची खूण मात्र दोन्ही वाङ्मयांत दिसत नाही. सोलापूरचा किल्ला निजामशाही व आदिलशाही ह्यांत आलटून पालटून राहिला; सोलापूर, वैराग, बार्शी ह्या पट्ट्यात मराठी व दख्खनी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदली. तरीही लिखित मराठीने दख्खनी काव्याकडे पाहिले नाही. लिपी निराळी, आश्रयदाते निराळे आणि पंतकवींना लागणारी आख्याने पुराणांतून मुबलक मिळत असलेली, अशी त्याची कारणे दिसतात. मौखिक परंपरेत परीकथा, जिन्न व जादूचे घोडे ह्यांची ये-जा झाली असणार; तथापि लेखी वाङ्मयात हा दुवा जुळला नाही, ही मराठी कथेच्या इतिहासातील एक मोठी हुकलेली संधी होय.

गालांपासून चिपळूणकरांपर्यंत : फ्रेंच प्राच्यविद्यापंडित आंत्वान गालां (१६४६–१७१५) ह्याने १७०४ ते १७१७ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या बारा भागांत अल्फ लैलाचे फ्रेंच रूपांतर केले. त्याच्याजवळच्या सिरियन हस्तलिखितात जेमतेम २८२ रात्री होत्या. सिंदबादच्या सफरी त्याने दुसऱ्या हस्तलिखितावरून घातल्या. अलादीन व अलिबाबा ह्या कथांना तर जुने अरबी हस्तलिखितच नाही. १७०९ मध्ये पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब ह्या अलेप्पोच्या मॅरोनाइट तरुणाने त्या गालांला तोंडी सांगितल्या. दियाबचे आत्मवृत्त व्हॅटिकनच्या ग्रंथालयात १९९३ मध्ये ओळखले गेले आणि त्याचे फ्रेंच भाषांतर २०१५ मध्ये निघाले, तेव्हा ह्या कथांच्या जनकाला चेहरा मिळाला. अलादीनची जी अरबी हस्तलिखिते पुढे पुरावा म्हणून मांडली गेली, ती फ्रेंचवरून उलट अरबीत केलेली होती, हे मुहसिन महदी ह्यांनी सिरियन हस्तलिखिताच्या चिकित्सक आवृत्तीच्या (१९८४) निमित्ताने दाखवून दिले. अशा रीतीने जगात सर्वाधिक ‘अरबी’ मानल्या जाणाऱ्या दोन कथा रूपांतरातच जन्मल्या.

मूळ अरबी पाठ प्रथम छापला गेला तो कलकत्त्यास, फोर्ट विल्यम कॉलेजच्या आश्रयाने (१८१४–१८). कंपनीच्या अधिकाऱ्यांना अरबी शिकविण्याचे साधन म्हणून शेख अहमद शिरवानी ह्यांनी दोनशे रात्रींचा हा पाठ सिद्ध केला. बूलाक (१८३५) व कलकत्ता (१८३९–४२) येथील मोठ्या आवृत्त्या नंतरच्या. भारतात अरबी ग्रंथ छापून तयार असताना मराठीत तो आला मात्र इंग्रजीवरून. त्याची साक्ष नावेच देतात. अलाउद्दीन हे नाव खल्जी व बहमनी इतिहासामुळे मराठी माणसाच्या पूर्ण परिचयाचे. पण कथानायक मराठीत आला तो ‘अल्लादीन’ होऊन. हा उच्चार गालांच्या फ्रेंच लेखनातून इंग्रजीत व तेथून मराठीत उतरला आहे. बखरींच्या वाचकाला अलाउद्दीन म्हटले की चितोड आठवे, दिवा नव्हे. ‘जिनी’ची गोष्टही तशीच. जिन्न हा शब्द दख्खनमध्ये ऐकिवात असताना अलीकडील मुलांच्या पुस्तकांत ‘जिनी’ आला तो फ्रेंच ‘जेनी’चा नातू म्हणून. ह्याउलट ‘तिळा तिळा दार उघड’ हे रूपांतर अस्सल मराठी ठरले. सिमसिम म्हणजे तीळ, हे जाणून कोणी तरी त्याला संबोधन व द्विरुक्ती दिली, तेव्हा तो मंत्र कहाणीच्या भाषेत सामावला आणि बंद वाटेला उद्देशून केलेल्या विनवणीचा वाक्प्रचार होऊन बसला.

कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–७८) ह्यांनी १८६० नंतरच्या दशकात अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी हे भाषांतर आरंभिले. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–८२) व हरि कृष्ण दामले ह्यांचा हात त्याला लागला. सॉक्रेटिसाचे चरित्र, अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह व मेघदूताचा अनुवाद असलेली पद्यरत्नावली लिहिणाऱ्या पंडिताने हे काम हाती घ्यावे, ह्यातच त्या पिढीची दृष्टी दिसते. मराठी गद्य व्याकरणशुद्ध होत होते, पण त्याला लांब पल्ल्याच्या निवेदनाची सवय नव्हती. बाळमित्र, इसापनीतीसारखी पुस्तके तुटक बोधकथांची. सिंहासनबत्तीशी (श्रीरामपूर, १८१४) व वेताळपंचविशी ह्यांतील कथाही आखूड आणि प्रश्नोत्तरांच्या साच्यात बसविलेल्या. कथेतून कथा फुटते, पात्र संकटात असतानाच स्वतःची हकीकत सांगू लागते आणि तरीही धागा तुटत नाही, अशा निवेदनाचा मराठी गद्याला पहिला भरघोस सराव ह्या भाषांतराने घडविला. निर्मळ, घाट बांधीव ठेवणारी आणि वाचकाला पुढे ओढणारी ही भाषा विष्णुशास्त्र्यांच्या निबंधांइतकीच मराठी गद्याच्या जडणघडणीत मोजली पाहिजे. तसे ती क्वचितच मोजली गेली आहे.

शीर्षक मात्र विचार करावयास लावते. ‘हजार’ गेले, ‘रात्री’ गेल्या. उरल्या गोष्टी, त्याही सुरस आणि चमत्कारिक. ‘सुरस’ हे संस्कृत रसिकाचे विशेषण आणि ‘चमत्कारिक’ हे कौतुकाचे व काहीसे हात राखून केलेल्या स्तुतीचे. मूळ नावात काळाची मोजणी आहे. प्रत्येक रात्र ही एका वधाची तहकुबी आहे. मराठी नावाने ग्रंथाला करमणुकीच्या दालनात नेऊन ठेवले आणि पुढील शंभर वर्षे तो तेथेच राहिला.

कादंबरीवरील परिणाम : लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांच्या मुक्तामाला (१८६१) व रत्नप्रभा (१८६६) आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची मंजुघोषा (१८६८) ह्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर संस्कृत कथाकाव्यांबरोबर अरबी कथांची छाया असल्याचे मराठी समीक्षेत वारंवार म्हटले गेले. त्यात बहुधा तक्रारीचा सूर असतो : यमुनापर्यटनने (१८५७) विधवांच्या दुःस्थितीकडे वळविलेली वाट ह्या कादंबऱ्यांनी अडविली आणि ती हरि नारायण आपटे ह्यांच्या मधली स्थितीपर्यंत (१८८५) बंद राहिली. ह्या तक्रारीत तथ्य आहे, पण ती आरोपी चुकीचा धरते. आपल्या समाजात विवाह लहानपणी ठरून जातात, लोकांच्या आयुष्यात वर्णनीय असे गुणही नाहीत व दुर्गुणही नाहीत, तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहावयाचे तर अद्भुताचाच आश्रय करावा लागतो, अशा आशयाचे समर्थन रिसबुडांनी मंजुघोषेच्या प्रस्तावनेत दिले आहे. अडचण समाजजीवनाकडे पाहण्याच्या दृष्टीत होती, अरबी कथांत नव्हती. किंबहुना त्या कथा लक्षपूर्वक वाचल्या असत्या, तर नेमके उलट शिकता आले असते. बगदादचे हमाल, शिंपी, न्हावी, सावकार व दलाल त्यांत आपापल्या धंद्याच्या तपशिलासह वावरतात. राजवाड्याइतकीच बाजारपेठही त्यांत जिवंत आहे. मराठी अद्भुत कादंबरीने जादू उचलली, बाजार उचलला नाही.

हा फरक एकाच कथेच्या प्रवासातून तपासता येतो. पंचतंत्रातील ब्राह्मण सातूच्या पिठाने भरलेले मडके टांगून मनोराज्य करतो : शेळ्या, गायी, घर, पत्नी, पुत्र, शेवटी कल्पनेतल्या पत्नीला लाथ मारतो आणि मडके फुटते. कलिला व दिम्नामध्ये (आठवे शतक) इब्न अल्-मुकफ्फाच्या हाती मडक्यात तूप व मध येतात आणि लाथेऐवजी मुलाला शिस्त लावणारी काठी येते. हितोपदेशात ब्राह्मण कुंभाराच्या घरात काठी फिरवितो व त्याची भांडी फोडतो. अल्फ लैलातील न्हाव्याचा पाचवा भाऊ मात्र वारशाच्या शंभर दिरहमांची काचेची भांडी घेऊन रस्त्याच्या कडेला विकावयास बसला आहे. नफ्यावर नफा चढवीत तो वजिराच्या मुलीशी लग्न करतो, तिच्या मानखंडनेचा सोहळा मनात सावकाश घोळवितो आणि लाथ झाडतो, काच फुटते. भीक मागून आणलेल्या पिठाच्या जागी भांडवल आले. त्यामुळे हास्याला दारिद्र्याची व वर्गमत्सराची धार आली. मराठीत ‘शेखचिल्लीची स्वप्ने’ म्हणून रूढ झालेला हा विषय आळशी माणसाची थट्टा एवढाच उरला. काचेचे दुकान त्यातून नाहीसे झाले.

हातिमताई व गुलबकावली ह्या कथाही मराठी वाचक ‘अरबी गोष्टीं’त गणत आला. हातिम हा इस्लामपूर्व अरब कवी असला, तरी त्याच्या सात प्रश्नांची अद्भुत कथा फार्सी आहे. गुलबकावली भारतातच फार्सीत व पुढे उर्दूत घडली. मुंबईच्या पारशी रंगभूमीने व नंतर चित्रपटाने ही सरमिसळ पक्की केली. होमी वाडिया ह्यांच्या अल्लादीन (१९५२) व अलिबाबा (१९५४) ह्यांवरील हिंदी चित्रपटांनी दिवा, गालिचा व गुहा ह्यांची जी दृश्ये रूढ केली, ती पुढील पिढ्यांच्या मनात छापील पाठाआधी ठसली.

उत्तरकालीन पुनर्कथने : आधुनिक लेखकांना मोह पडला तो बहुधा चौकटीचा. एडगर ॲलन पो ह्याने १८४५ मध्ये एक हजार दुसऱ्या रात्रीची विनोदी कथा लिहिली, तीत राजा विज्ञानयुगातील खऱ्या चमत्कारांवरच अविश्वास दाखवून शहराजादचा वध करवितो. तौफीक अल्-हकीमचे शहराजाद (१९३४) हे नाटक आणि नजीब महफूज ह्याची कादंबरी ह्यांत प्रश्न वेगळा आहे : हजार रात्रींनंतर राजा खरोखर बदलला काय? महफूजच्या कादंबरीत शहराजादला क्षमा मिळाली, तरी मृत मुलींच्या रक्ताचा वास जात नाही. मूळ सिरियन हस्तलिखिताला शेवट नाही. तीन मुलगे व क्षमा ही सुखान्त अखेर नंतरच्या पाठांतील आहे. ती मोकळी जागा ह्या लेखकांनी बरोबर हेरली.

मराठीत असे थेट पुनर्लेखन विरळ आहे. जी. ए. कुलकर्णी ह्यांच्या रमलखुणातील (१९७५) ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ ह्या दीर्घ कथांचा येथे विचार करता येतो. रमल हा शब्दच मुळात अरबी, वाळूवरून भविष्य पाहण्याच्या विद्येचा. अनाम प्रदेश, भविष्यवाणी, वाटेत भेटणाऱ्याने आपली हकीकत सांगणे ही सामग्री पौर्वात्य कथेची आहे. परंतु अरबी कथेत नियती माणसाला फिरवून बहुधा घरी आणते, जी. एं.च्या कथेत घर उरत नाही. उसनवारी कथानकाची नसून निवेदनाच्या हवेची आहे, म्हणून ती अधिक खोल गेली.

चौकट तिच्या पूर्ण वजनासह मराठीत आली ती गौरी देशपांडे (१९४२–२००३) ह्यांच्या अनुवादाने. रिचर्ड बर्टन ह्याच्या १८८५ च्या दहा खंडांचे हे प्रचंड भाषांतर त्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केले. बर्टनचा पाठ निर्दोष नाही. त्याची इंग्रजी मुद्दाम जुनाट आहे आणि टीपांतून पौर्वात्य स्त्रियांविषयीचे त्याचे कुतूहल सभ्यतेची मर्यादा सोडते. पण त्याने रात्री मोडल्या नाहीत आणि प्रौढ विषय झाकले नाहीत. एकेक पान गळावयाच्या (१९८०) लेखिकेने, जिच्या नायिका स्वतःच्या जगण्याचा हिशेब स्वतःच मांडतात, हा ग्रंथ निवडावा, हे केवळ व्यावसायिक काम म्हणून पाहता येत नाही. चिपळूणकरांच्या शीर्षकातून गळालेल्या रात्री तेथे परत आल्या. प्रत्येक रात्रीच्या अखेरीस उजाडते, शहराजाद थांबते, आणि वधाचा हुकूम आणखी एक दिवस तहकूब राहतो.